आठ दिवसांची अर्धी भाकरी

लासूर स्टेशनच्या बाजारात दुपारचे लिलाव उरकले की मी माझ्या पोरी वजनाला न्यायचे. शाळेत वजनकाटा नाही असं नाही. पण तो काटा माणूस बघून वजन सांगतो. एकदा मी उपाशीपोटी त्यावर उभी राहिले आणि एकदा जेवून, तर जेवून हलकी भरले. असल्या काट्यावर विसंबून बारा पोरी शहरात स्पर्धेला न्यायच्या म्हणजे आपण होऊन फजिती करून घ्यायची. शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. मैदानावर पाऊल टाकायच्या आधी काट्यावर टाकावं लागतं, आणि तिथं शंभर ग्रॅमचीसुद्धा दयामाया नसते.

म्हणून बाजारातला काटा. तो रोज कांदा आणि मका तोलतो, त्याला कुणाची भीड नाही. तिथले मापाडी काका, म्हणजे मालाचं वजन करून ते मोठ्यानं पुकारणारे, यांनी पहिल्या दिवशी पोरींचं वजनही त्याच सुरात पुकारलं. शेतकरी, अडते, हमाल, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोरी लाजून अर्ध्या झाल्या. वर काका मला विचारतात, "मॅडम, बारदान वजा करू का?" धान्य तोललं की रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून कमी करतात, तसं गणवेशाचं कमी करू का, असं त्यांचं म्हणणं. हमाल हसले. मी म्हटलं, "काका, पोरी आहेत या, पोती नाहीत."

"पोती असती तर एवढी खिदळली नसती," काका म्हणाले.

पुढं पुढं पोरींना त्या पुकारण्याची गोडीच लागली. आपलं वजन चारचौघांत कुणी मोठ्यानं सांगतंय आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे त्या तिथं शिकल्या. माझ्या भाषणांतून नाही.

मी राहते शहरात. शहराचं नाव बदललं, माझी सकाळची गाडी तीच राहिली. खेळाकडं मी आले ती चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या लेझमीतून. आमच्या वस्तीत पोरींचं पथक होतं आणि मी सगळ्यांत पुढं. आई म्हणायची, या पोरीचे पाय एका जागी ठरत नाहीत. त्याच पायांनी पुढं क्रीडाशिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. स्वभाव मात्र तापट. गळ्यात शिट्टी नसली तरी मॅडमचं काही अडत नाही, असं स्टाफरूममध्ये माझ्यामागं म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्यात खोटंही काही नाही.

त्या बारा जणींत एक माझा हुकमाचा एक्का होती. घरचे मेंढपाळ, गावाबाहेर वस्तीवर राहणारे. मेंढरांमागं चालून चालून तिचे पाय लांब झालेले आणि दम असा, की चढाईला गेली की परत मधली रेषा शिवेपर्यंत तोंडातला 'कबड्डी'चा सूर तुटायचा नाही. आठवीत होती. बोलायची कमी. मी ओरडले तर खाली बघायची आणि पुढच्या चढाईत दोन गडी मारून यायची.

स्पर्धेला आठ दिवस राहिले आणि बाजारातल्या काट्यानं तिला दीड किलो जास्त दाखवलं. काकांनी पुकारलं, मी डोक्याला हात लावला. ती नसती तर आमचा संघ म्हणजे नुसता देखावा. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेले. बाप मेंढरं घेऊन लांब होता. आई दारात बाजरी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "हिला भाकरी कमी द्या. अर्धीच. वजनात बसली पाहिजे, नाहीतर खेळता यायचं नाही."

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "अर्धी देती."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एरवी पोरींच्या घरी गेलं की वाद ठरलेला. चड्डी घालून खेळणार का, बाहेरगावी कोण बरोबर राहणार, लोक काय म्हणतील. इथं एक आई पहिल्या शब्दाला हो म्हणत होती. परत येताना मी स्वतःवरच खूश होते. आठ दिवसांनी गारखेड्याच्या मैदानावर पोरगी वजनात बसली, वर थोडी हलकीच भरली. आम्ही फायनल जिंकलो. पोरींनी मला उचललं आणि माझ्या वजनानं लगेच खाली ठेवलं.

आता माझी चूक सांगते. मी आठ दिवस असं मनात धरलं होतं. तोंडानं बोलले नव्हते. आणि स्पर्धा संपल्यावर वस्तीवर परत जाऊन 'आता पोटभर द्या' असं सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. जिंकल्यावर कोण जातं?

हिवाळ्यात शहरातून एका संस्थेची माणसं आली. खेळातून मुलींचा विकास, असं त्यांचं काम. माणसं चांगली होती, पोरींना बूट दिले. माझ्या एक्क्याचा चढाई करतानाचा फोटो काढला आणि मोठा फ्लेक्स केला. खाली लिहिलं, 'खेळातून समानता, समानतेतून शाश्वत विकास'. कार्यक्रमात मी भाषण ठोकलं. खेळामुळं घराचा मुलीकडं बघायचा दृष्टिकोन बदलतो, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. फोटोत तिची गालफडं वर आलेली दिसत होती. मला वाटलं, कॅमेऱ्यात सगळेच बारीक दिसतात.

त्यानंतर तिचा खेळ उतरला. चढाईला जायची पण सूर मध्येच तुटायचा. पकडीत हात सुटायचा. सराव अर्धा झाला की कडेला बसायची. मी तिला फैलावर घेतलं. "रात्रभर मोबाईल बघतेस का? फोटो लागला म्हणून डोक्यात हवा गेली का?" ती खाली बघत राहिली. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्या वर्षीची स्पर्धा जवळ आली तसं आम्ही पुन्हा बाजारात गेलो. तिचा नंबर आला. काटा गेल्या वर्षीपेक्षा पाच किलो कमी दाखवत होता. मर्यादेच्या कितीतरी खाली. मी वहीत लिहिताना म्हटलंसुद्धा, "शाब्बास! यंदा हिची काळजी नाही."

काकांनी पुकारलं नव्हतं. ते चष्मा वर करून पोरीकडं बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मका वाळला की घट येती, ते समजतं. ही पोरगी सालभरात वीतभर वाढली. मंग हिला घट कशी काय आली?"

मी मान वर केली. खरंच, ती माझ्या कानापर्यंत आली होती. रोज समोर असणारी पोरगी, आणि ते मला एका मापाड्यानं सांगावं लागलं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काय खातेस?"

"अर्धी भाकर."

"का गं?"

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हीच सांगितली ना, मॅडम."

लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आधी राग येतो. तो राग घेऊनच मी त्या संध्याकाळी पोरीबरोबर वस्तीवर गेले. आईला चांगली सुनवायची असं ठरवलं होतं. तिथं पोचले तर कोकरांच्या खोपटावर तो फ्लेक्स छत म्हणून बांधलेला, फोटोतली पोरगी उलटी, पाय आभाळात. आई चुलीपाशी होती. मी म्हटलं, "अहो, वर्षभर अर्धी भाकरी? आई आहात का कोण आहात?"

"हळू बोला," ती म्हणाली आणि दाराकडं बघितलं. "हिचा बाप खेळाला नाय म्हनत व्हता. मी त्याला सांगितलं, खेळती म्हून तर खाती बी कमी. घरात दोन पोरं हायेत, त्यांना पुरतं. तवा कुठं तो गप बसला. आता तुम्ही हिला पुरी भाकर द्या म्हनाल तर तो मेंढरामागं धाडील हिला."

म्हणजे अर्ध्या भाकरीच्या बदल्यात ही पोरगी मैदानावर येत होती. सौदा आईनं केला होता आणि शब्द माझा वापरला होता. माझा राग कुठल्या कुठं गेला. भीती वाटली. पोटभर खाल्लं तर खेळ सुटणार, खेळली तर उपाशी, आणि या दोन्हींच्या मध्ये मीच तिला नेऊन उभी केलेली.

तेवढ्यात बाप आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी आयुष्यात विद्यार्थ्याच्या बापासमोर कधी नमतं घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं. म्हटलं, "दादा, माझी चूक झाली. अर्धी भाकरी आठ दिवसांपुरती होती. मी परत येऊन सांगितलं नाही. हिला पोटभर पाहिजे. आणि खेळही पाहिजे."

त्यानं काठी कुडाला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "मॅडम, एडका उपाशी ठिवला तर टक्कर घेत नाय. एवढं मला बी कळतं. पर मला वाटलं, तुमच्या खेळात वाळवावंच लागत आसंल. तुम्ही शिकलेल्या."

आयुष्यभर मेंढरं राखणाऱ्या माणसाला जे कळत होतं ते माझ्यामुळं त्यानं बाजूला ठेवलं होतं. आणि मी मनातल्या मनात त्यालाच खलनायक ठरवून मोकळी झाले होते.

"जेवून जा," तो म्हणाला. मी म्हटलं, ही माझ्या शेजारी बसणार असेल तरच. पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत. दोन ताटल्या मांडल्या, दोन्हींत अख्खी भाकरी, वर पिठलं. पोरीनं बरोब्बर मधून भाकरी मोडली, अर्धी खाल्ली आणि हात आवरला.

"खा की," मी म्हटलं.

"स्पर्धा झाल्यावर खाती."

"तू मर्यादेच्या कितीतरी खाली आहेस, बाई!"

"आता हाये. खाल्ली तर बसंल का वजनात? मागल्या वर्षी दीड किलोसाठी तुम्ही घरी आलता."

आता तिला कुणी अडवत नव्हतं. बाप नाही, आई नाही. माझाच शब्द तिच्या पोटात जाऊन बसला होता आणि समजुतीनं तो निघणार नव्हता. माझ्या पिशवीत संघाच्या नावांचा फॉर्म होता. तो काढला, पेन काढलं आणि तिच्यासमोर तिच्या नावावर आडवी रेघ मारली.

"झाली तुझी स्पर्धा. आता खा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मैदानात समोरचा गडी असते तर मी मागं सरले असते. उरलेली अर्धी भाकरी तिनं एका दमात संपवली. आईनं न विचारता अजून एक वाढली, तीही संपली. बाप हसला. "आता कसं!" म्हणाला. टोपल्यात वाकून बघत आईनं भावांसाठीच्या भाकरी झाकून ठेवल्या. मी विचारलं, "तुम्ही?"

"मी बसती की मागून," ती म्हणाली. "माझं काय."

मी उठले, हात धुतले, निघाले. ते 'माझं काय' मी ऐकलं होतं, पण त्या दिवशी एवढ्या मोठ्या गोष्टीतून सुटले होते की त्यावर थांबले नाही. माझी आईसुद्धा मागूनच बसायची. जन्मभर बघितलेली गोष्ट दिसत नाही.

शहरात आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. पोरी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, ती महिनाभर. मुख्याध्यापकांनी विचारलं, चांगली खेळाडू का काढली? मी म्हटलं, मला वाटलं म्हणून. कबूल करायची हिंमत एकदाच आली होती, ती वस्तीवर खर्च झाली. पण तिला मी दर महिन्याला काट्यावर न्यायला लागले. आता वाढ बघायला. वरच्या वयोगटात मर्यादाही जास्त होती. गाल भरले, सूर लांबला, पकडीतला हात सुटेनासा झाला. काका दर खेपेला आकडा असा पुकारायचे, जसा त्यांच्या स्वतःच्या शेतातला माल विकला जातोय.

एका बाजाराच्या दिवशी तिची आई कोकराच्या औषधासाठी आली होती. पोरगी काट्यावर चढली, काकांनी आकडा पुकारला, हमालांनीही हो हो केलं. खाली उतरून ती म्हणाली, "काका, आता आईला घ्या."

"येडी का काय," आई म्हणाली. "मी काय कांदा हाय?"

"चढ तर."

ओढाओढ झाली. शेवटी आईनं चपला काढल्या, पिशवी लेकीच्या हातात दिली आणि पदर तोंडाला लावून हसत काट्यावर उभी राहिली. काकांनी आकड्याकडं बघितलं. पुकारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मी वाकून बघितलं. वर्षभरापूर्वी त्याच काट्यावर मी लेकीचा जो आकडा बघून शाब्बास म्हटलं होतं, त्याहून हा कमी होता. लेकीची अर्धी भाकरी परत आली होती, ती कुठून आली ते समोर उभं होतं.

"पुकारा की, काका," आई वरून म्हणाली. "किती भरले मी?"

काका बारदानाच्या ढिगाकडं बघत राहिले. पोरीनं आकडा बघितला होता. तिनं आईला हाताला धरून खाली घेतलं आणि तिच्या चपला पायांपुढं सरकवल्या.

"घरी चल," ती म्हणाली. "आज आधी तू बसायचं."