माळ्यावरच्या चार गोण्या

"काकू, आधी तिथून बाजूला व्हा."

"दोन भाकरी ऱ्हायल्यात. टाकते आन् हुते."

सिंधूकाकू ओट्यापाशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्या डोक्यावर भिंतभर लांब, दोन फूट रुंद माळा. त्याची पुढची कड अंगठाभर खाली आलेली. आदल्या दिवशी तिथूनच प्लास्टरचा पोपडा सुटून थेट परातीत पडला होता, म्हणून मला बोलावलं होतं.

मी संगमनेरला सिव्हिल इंजिनिअर आहे. घराला तडे गेले की लोक मला बोलावतात. डॉक्टरसारखंच काम, फरक एवढाच की माझा पेशंट कुठं दुखतं ते सांगत नाही आणि घरचे लोक खोटं सांगतात.

काकूंचे यजमान भागवतकाका गावातल्या दूध संकलन केंद्रावरून रिटायर झालेले. त्यांना माझ्याकडून तपासणी नको होती, कागद हवा होता.

"म्याडम, ठेकेदारानं सिमेंट कमी घातलं. येवढं लेखी द्या."

"ठेकेदार कोण?"

उत्तर ओट्याकडून आलं. "माझा भाऊ. नामदेव."

मग सगळं कळलं. माळा झुकल्यापासून काका मेव्हण्याशी बोलत नव्हते. आठ दिवसांवर नामदेवच्या मुलीचं लग्न होतं आणि काकांनी जाहीर केलं होतं, आमच्या घरातलं कुणी जाणार नाही. काकूंनी भाचीसाठी घेतलेली साडी कपाटात तशीच पडून होती.

मी म्हटलं, "काका, तडा बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही. आणि तडा वर असणार, सामानाखाली."

हे जरा समजावून सांगते. असा माळा नुसत्या भिंतीतून बाहेर आलेला असतो, पुढं खांब नसतो. हात समोर ताठ धरून तळव्यावर भरलेली बादली ठेवा. ओढ कुठं बसते? खांद्याच्या वरच्या बाजूला. माळ्याचंही तसंच. म्हणून त्याचे लोखंडी गज वरच्या अंगाला टाकतात आणि तडाही वरच, भिंतीजवळ पडतो. माळ्याचं स्वतःचं वजन ते डेड लोड. वर ठेवलेलं सामान म्हणजे लाइव्ह लोड, येणारं-जाणारं. आपल्याकडं ते फक्त येतं.

माझ्याबरोबर रज्जाकभाई मिस्त्री होते. त्यांनी माळ्याखाली तीन जॅक लावले, म्हणजे लोखंडी टेकू. "माळ्यावर चढायचं नाही, घोडीच्या शिडीवर उभं राहून ओढायचं," मी सांगितलं.

पहिल्यांदा निघाला एक ताणकाटा, पोती लटकवून तोलायचा. काकांचा चेहरा खुलला. "चालू हाय अजून!"

"बरं झालं," मी म्हटलं. "आता प्रत्येक वस्तू तोलूनच खाली ठेवू. म्हणजे कुणाच्या सामानानं माळा झुकला तेही कळेल."

"तिच्याच भांड्यांनी!" काका म्हणाले आणि वही घेऊन बसले. दोन रकाने केले. एक काकूंचा, एक स्वतःचा.

सुरुवातीला काका जिंकत होते. गोधड्या, पितळी पातेली, आहेरात आलेले नाव घातलेले एकेचाळीस पेले. काका मोठ्यानं आकडे वाचत होते. मग फरशीचे बॉक्स निघाले. अकरा.

"एखादी फुटली तर तसली मिळत न्हाई," काका म्हणाले.

"किती फुटल्या आजवर?"

"अजून फुटली न्हाई."

त्यामागून जळालेली पाण्याची मोटर आली. तांब्याची कॉईल तरी निघंल, म्हणून ठेवलेली. नंतर दुधाचा गळका कॅन. त्यात दुसऱ्या गळक्या कॅनची झाकणं. काकांच्या रकान्याला पान पुरेना. त्यांचा आवाज बारीक होत गेला.

तेवढ्यात घोडीवरून रज्जाकभाई म्हणाले, "म्याडम, कोपऱ्यात धोंडे हैत."

धोंडे नव्हते ते. सिमेंटच्या चार गोण्या होत्या. वरचं आवरण कुजलेलं, आतलं सिमेंट दगड झालेलं. एकेक खाली घ्यायला दोघं लागली.

काकूंनी हात पुसले. जवळ आल्या. पदरानं धूळ झटकली.

"ह्या कवाच्या?"

काका एकदम उठले. "गाईला पानी दावतो."

"बसा. गाय मगाशीच प्यालीय." काकूंनी आवाज चढवला नाही. "घर बांधताना नामदेव म्हनत हुता, दाजी, चार गोन्या कमी भरत्यात. तुमी त्याला काय म्हनला हुता? तुझ्याच मानसांनी इकल्या असतील. त्यानं त्याचा जुना गवंडी काढून टाकला हुता त्यापायी."

"वरच्या मजल्याला हुतील म्हनून ठेवल्या," काका वहीकडं बघत म्हणाले. "मंग सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

माझ्या कामात अशा वेळी भिंतीकडं बघायचं असतं. मी बघितलं. माळा रिकामा झाल्यावर भिंतीलगत आरपार तडा स्पष्ट दिसत होता. रज्जाकभाईंनी तिथं थोडं फोडलं. गज वरच्याच अंगाला होते, हव्या तेवढ्या जाडीचे, हव्या तेवढ्या अंतरावर. काँक्रीट भरताना कामगार गजांवर पाय देतात आणि ते खाली दबतात. इथं दबले नव्हते. म्हणजे त्या दिवशी ठेकेदार स्वतः समोर उभा होता.

"काम चोख आहे," मी म्हटलं. "वजन फार झालं. लेखी देऊ?"

"नगं," काका म्हणाले.

"द्या," काकू म्हणाल्या. "लेखीच द्या."

मी चार ओळी लिहून सही केली. तोवर काकू ढिगाकडं वळल्या होत्या. मोटर, कॅन, झाकणं, फरशीचे नऊ बॉक्स, सगळं एका बोटानं भंगारात गेलं. मग त्या स्वतःच्या पेल्यांपुढं बसल्या. एकेकावरचं नाव वाचलं. सहा बाजूला काढले.

"आमी दोघं. लई तर चार पाव्हणं. बाकीचे कुनासाठी घासू?"

भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा काका मागच्या बाजूनं जाऊन मोटर उतरवत होते. काकूंनी खिडकीतून नुसतं "अवो" म्हटलं. मोटर परत टेम्पोत गेली. गोण्या मात्र भंगारवाल्यानं घेतल्या नाहीत.

पुढचं मला काकूंनी फोनवर सांगितलं. दोघं लग्नाला गेली. मांडवात काकांनी माझा कागद मेव्हण्याच्या हातात दिला. नामदेवनं तो दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "दाजी, त्या गवंड्याला मी सांगतो. तुमीबी सांगा." गवंडीही लग्नाला आला होता. काका त्याला शोधून त्याच्यापाशी गेले. काय बोलले ते काकूंना ऐकू आलं नाही, पण पंगतीत दोघं शेजारी बसले.

लग्नानंतर नामदेवनं येऊन तो माळा स्वतः कापून काढला. नवा बांधून देणार का, असं काकांनी विचारल्यावर त्यानं फळी ठोकून दिली. एक फूट रुंद.

आता कुणी तडा दाखवायला बोलावलं की मी फोनवरच सांगते, आधी माळा रिकामा करा, मग येते. निम्मे लोक पुन्हा फोन करत नाहीत. त्यांनी माळा खरंच रिकामा केला, की दुसरा इंजिनिअर बघितला, हे मी कधी विचारत नाही.