सकाळी लिहिलेली संध्याकाळ
तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला पहिला रविवार, सकाळचे दहा. हजर: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, वडगावच्या विणकर घरातली एक आक्का आणि सभासदांची यादी सांभाळणारी मी. टिळकवाडीतल्या आमच्या रोजनिशी मंडळाचा नियम एकच, रोज एक पान हाताने लिहायचं. खाडा झाला की नाव कमी. वकिलांनी ऐटीत त्या दिवशीचं पान वाचलं, “संध्याकाळी तळ्याकाठी फिरलो, मन शांत झालं.” आक्का फिस्सकन हसली. “साहेब, अजून नाष्टाबी झाला न्हाय, तुमची संध्याकाळ कवा झाली वो?” “आगाऊ लिहिलं की खाडा पडत नाही,” वकील म्हणाले आणि अध्यक्षांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग आक्काची पाळी आली. “सासू दवाखान्यात हुती. हप्ताभर लिहिलं न्हाय.” घरी मागांच्या खडखडाटात तिचं लिहिलेलं ऐकायला कोणी नव्हतं, हे अध्यक्ष आणि वकील दोघांनाही ठाऊक होतं. “नियम म्हणजे नियम,” तोंडातला कुंद्याचा गोड घास गिळत अध्यक्ष मला म्हणाले, “यांचं नाव कमी करा.” असल्या कोडग्या शिस्तीपेक्षा आळस परवडला. वकील अजून आगाऊ पानं भरतात, आक्का अजून दर रविवारी येऊन वाचते, अध्यक्ष अजून मला आठवण करून देतात, आणि तिचं नाव कमी करायचं काम माझ्याकडे तसंच पडून आहे.