वकीलबाई आणि बाबांची मशीन

आमचे बाबा मध्य प्रदेशातल्या धारमध्ये शिंपीकाम करत. सफारी शिवावी तर त्यांनीच, असं गावातले जुने लोक अजून म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी कर्ज काढून रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकलं आणि लगेच कोरोना आला. दुकान पुन्हा उघडलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. कर्जवाल्यांचे फोन इतके येऊ लागले, की आई फोन पिठाच्या डब्यावर पालथा घालून ठेवायची.

एका रविवारी बाबा ओळखीच्या मेटाडोरमधून शिलाई मशीन घेऊन देवासला माझ्या घरी आले.

"ही तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "जप्ती आली तर निदान एवढी वाचेल."

मशीन मी आतल्या खोलीत ठेवली, वर चादर घातली. बाबा जेवायला थांबले नाहीत.

धारच्या कोर्टात गरिबांना सरकारकडून फुकट वकील मिळतो आणि कर्ज फिटत नसेल तर दिवाळखोरीचा अर्ज करता येतो, हे मला मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी धारला जाऊन आईबाबांना तिथे घेऊन गेले. जिन्यातच बाबा थबकले.

"दिवाळखोर म्हणून नाव लागणार. समाजात कसं जायचं गं?"

आई म्हणाली, "आत्ता कुठे जाताय? घरातच तर बसता." आणि ती पुढे चढू लागली.

आम्हाला मिळालेल्या वकीलबाई कुक्षी गावच्या, माझ्याहून लहान. त्यांनी आधी पाणी दिलं, बाबांचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "काकाजी, घर में जो भी सामान है, सब बताइए. कुछ छूटे नहीं."

बाबांनी कूलर, कपाट, स्कूटर, दुकानातला माल, सगळं सांगितलं.

"और सिलाई किस पर करते हो?"

बाबा चपलांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मशीन देवास में है. बिटिया के यहाँ."

मला वाटलं, आता रागावतील. पण त्या नुसत्या हसल्या. "वापस ले आओ. छुपाओगे तो बना-बनाया काम बिगड़ जाएगा. और कारीगर के औज़ार कोई नहीं ले सकता, कानून ही ऐसा है." मग आईकडे वळून म्हणाल्या, "आपका मंगलसूत्र भी नहीं." आईने ते मुठीत घट्ट धरलं होतं. तिने मूठ सोडली.

मशीन परत धारला गेली. सुनावणीत कर्जवाल्यांचे वकील म्हणाले, ती विकली पाहिजे. आमच्या वकीलबाई उठणार, तोच बाबांनी हात जोडले. "साहब, यही एक हुनर है. यह गई तो मैं खाऊँगा क्या, और इनका चुकाऊँगा क्या?" पुढचं कायद्याचं वकीलबाई बोलल्या. मशीन राहिली.

स्कूटर आणि दुकानातला माल मात्र विकला गेला. स्कूटर नेली तेव्हा बाबा बाहेर आले नाहीत. पण फोन बंद झाले. बाबा पुन्हा घरीच कपडे शिवू लागले, आणि पुढे यथावकाश कोर्टाने त्यांना कर्जातून मोकळं केलं.

त्यानंतर बाबांनी वकीलबाईंना काळा कोट शिवायचा घाट घातला. त्यांनी साफ सांगितलं, फी नाही, भेटही नाही. बाबा ऐकेनात, त्या ऐकेनात. शेवटी बाबांनी शिलाईचे पूर्ण पैसे घ्यायचे, या अटीवर त्यांनी माप दिलं. कोट न्यायला आल्या त्या दिवशी आईने श्रीखंड केलं होतं. ते त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्याला भेट म्हणायचं का, हे कोणीच विचारलं नाही.

हल्ली गल्लीतलं कोणी दबक्या आवाजात कर्जातून सुटायची चौकशी करत आलं, की बाबा स्वतः त्याच्याबरोबर ऑटोत बसून कोर्टात जातात. जिन्यात तो थबकला, तर तेही थांबतात. म्हणतात, "होतं असं. घटकाभर थांबू, मग वर जाऊ."