हाराआडचा कॅमेरा

विघ्नहर्त्या श्रीगणेशाला आणि गोदामाईला वंदन करून हे लिहितो. आज विजयादशमी. सकाळी सुनेने दारातल्या गाडीला झेंडूचा हार घातला आणि शमलेला माझा संताप पुन्हा उसळला. पोलीस खात्यातून निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या दसऱ्याची ती घटना आजही आठवते.

नाशिक रोडच्या एका वसाहतीत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एका गृहस्थांच्या विजेवरच्या नव्या गाडीने आवार झाडणाऱ्या बाईंना धडक दिली. बाई गाडीपुढे वाकून आदल्या दिवशीची आपट्याची पाने गोळा करीत होत्या. अशा गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. त्यांना चाहूलच लागली नाही. खुबा मोडला.

गृहस्थ स्वतः ठाण्यात आले. कपाळी गंध, वाणीत सुभाषिते.

"साहेब, गाडी भिंतीला घासू नये म्हणून पुढचा कॅमेरा मी बाहेरच्या एका कारागिराकडून बसवून घेतला. त्या माणसाने वायरिंग बिघडवलं. पडदा काळा झाला आणि गाडी आपोआप पुढे गेली." निघताना आवाज खाली आणून म्हणाले, "तो पेठ तालुक्याकडचा आहे. गावी पळालाय म्हणे. वेळीच उचला."

माझे बालपण संस्कृत पाठशाळेत गेले. त्यांचे निर्दोष उच्चार ऐकून मी मनोमन त्यांना सज्जन ठरवले. गाडी ताब्यात घेतली नाही, त्यांच्याच आवारात राहू दिली, आणि पेठला पथक धाडले.

दुपारी कॅमेरा बसवणारा कारागीर समोर उभा राहिला. तिशीचा, हातांवर काळ्या टेपचा चिकटा.

"पळालास कशाला?"

"पळालो नाय साहेब. सणाला घरी गेलतो. दरसाल जातो."

"गाडीची वायर कापलीस?"

"नाय. नारिंगी वायर मोठ्या बॅटरीची आसती, तिला मी बोट लावत नाय. फ्यूजच्या डबीतून करंट घेतो. कॅमेरा निस्ता दाखवतो साहेब, गाडी नाय चालवत. जोडावर टेप मारून पांढऱ्या पेनानं तारीख टाकतो. उघडून बघा की!"

"मला शिकवू नकोस!" मी टेबलावर हात आपटला. त्याने सांगितलेली गोष्ट तपासायला घटकाभर पुरली असती. मी मात्र त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले. गुन्हा नोंदवून अटक दाखवायची, एवढेच बाकी होते. अटक झाली असती तर त्याच्या हाती पुन्हा कोणी गाडी दिली नसती.

बाईंचा जबाब घ्यायला रुग्णालयात निघालो. शस्त्रपूजनाच्या वेळी ठाण्याच्या जीपलाही हार घातला होता. चालक हवालदाराने तो समोरच्या काचेवरून उचलून बाजूच्या आरशाला अडकवला.

"राहू द्या की, देवाचा आहे," मी म्हणालो.

"देवाला हाराआडून दिसतं साहेब. मला नाही दिसत."

त्या गृहस्थांच्या नव्या गाडीलाही दसऱ्याचा हार असणार, हे मला तेव्हा सुचले. रुग्णालयातून बाईंचा जबाब घेऊन परतलो, कारागिराला घरी सोडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंच, मोटार वाहन निरीक्षक आणि कारागीर यांना घेऊन वसाहतीत गेलो. गाडीवर हार नव्हता. पण कॅमेऱ्याच्या पट्टीला पिवळ्या दोऱ्याची गाठ तशीच होती, आणि भिंगाच्या कडेला झेंडूची पाकळी चिकटून सुकली होती. निरीक्षकांनी आतले आवरण उघडले. टेप शाबूत, पांढरी तारीख स्पष्ट. पडद्याच्या मागची पिन मात्र उपसलेली. कारागिराने ती खोचली, बटण दाबले. पडद्यावर समोरची भिंत लख्ख उमटली.

"हार कुठे बांधला होता?" मी विचारले.

दारातून गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या, "मधोमध. मी म्हटलं होतं, अहो, कॅमेरा झाकला जातोय, जरा सरकवा. तर म्हणाले, शोभा जाईल."

"तू आत जा!"

"का जाऊ? त्या बाई माझ्याच दारात पडल्यात!"

पडदा काळा नव्हताच. झेंडूने पिवळा झाला होता. पडद्यावर समोरचे काही दिसत नसताना, उतरून पाहण्याचे कष्ट न घेता गृहस्थांनी गाडी पुढे घेतली. मग हार काढला, पिन उपसली आणि एका कष्टकऱ्याच्या गळ्यात पाप बांधले. मी एवढेच म्हणालो, "आता एखादे सुभाषित म्हणा." निष्काळजीपणे वाहन चालवून दुखापत केल्याचा आणि पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा त्यांच्यावर नोंदवला.

कारागिराची मी क्षमा मागितली. त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "त्या बाई बऱ्या हायत का?"

तो प्रश्न गृहस्थांनी एकदाही विचारला नव्हता. मी बाईंच्या खाटेशी बसून जबाब लिहून घेतला होता, तरी मीही विचारला नव्हता. माझा निम्मा संताप त्या गृहस्थांवर आहे, निम्मा स्वतःवर. शुद्ध उच्चार हा शुद्ध अंतःकरणाचा पुरावा नव्हे, हे पाठशाळेने नाही, बाकावर बसवलेल्या त्या माणसाने मला शिकवले.

आज सुनेने घातलेला हार मी स्वतः एका बाजूला सरकवून बांधला. वाचकहो, आपल्या गाडीला हार अवश्य घाला. निघण्यापूर्वी मात्र एकदा उतरून समोर पाहा. जगदंबा आपणास आणि आपल्या कुटुंबास सुखी ठेवो, आणि आपल्या अंगणात वाकून झाडणारा प्रत्येक जीव आपल्या दारी सुखरूप राहो.