गळ्यावरची काळी रेघ

साधना टिपणीस लग्न होऊन दुबईला आली आणि काही वर्षांत देरामधल्या एका कंपनीच्या खरेदी विभागात रुळली. एका अरब मालकाची शेतं, तबेले आणि वाळवंटातलं हरणांचं कुरण सांभाळायचं, हे त्या कंपनीचं काम. पंप, चारा, जाळ्या, औषधं असं सगळं साधनाच्या सहीनं विकत घेतलं जाई, पण त्यातलं फारसं काही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कोटेशनं मागवायची, तुलना करायची, सही करायची. मेट्रोनं डिस्कव्हरी गार्डन्सला घरी पोचली की ती ऑफिसचं नाव काढत नसे.

त्या उन्हाळ्यात कुरणातली पाडसं मरायला लागली. तिथला राखणदार मोईन श्रीवर्धनचा. त्याचा फोन आला.

"ताई, कुत्रेच आहेत. लोक देश सोडून जाताना पाळलेले कुत्रे रस्त्यात सोडून जातात, त्यांची टोळी झालीय. लाइट मारला की खलास, पळून जातात. मालकाकडे परवाना आहे, बंदूक आहे, पण दिसायला तर पाहिजे. अंगाची गरमी दाखवणारा तो थर्मल स्कॅनर द्या."

"कुठला घेऊ, मोईनभाई?"

"ते तुम्ही बघा. मी कधी हातात घेतलेला नाही."

दुकानातला सेल्समन मोठा बोलका होता. त्यानं भिंतीवर पंजा टेकवून काढून घेतला आणि स्कॅनर तिच्या हातात दिला. रिकाम्या भिंतीवर पंज्याचा पांढरा ठसा चमकत होता. साधनाला लहान मुलासारखी गंमत वाटली.

"मॅडम, हा टॉप मॉडेल. दो किलोमीटर का ऊँट दिखेगा."

"इथे एसी आहे. उन्हाळ्यात वाळूवर कसा दिसेल?"

"सेम टू सेम, मॅडम."

हे 'सेम टू सेम' तिला पटलं नाही. आजवर कधी घातली नव्हती अशी अट तिनं घातली: तिन्ही मॉडेलं कुरणावर आणून दाखवायची.

सूर्य मावळून बराच वेळ झाला होता, तरी वाळू चपलेतून पोळत होती. टॉप मॉडेलमधून लांबचा उंट खरंच दिसला. पण कुंपणाजवळून चालणारा मोईन काही केल्या सापडेना; बारीक नळीतून बघावं तसं एका वेळी थोडंच दिसत होतं. दुसऱ्यात तापलेले दगड आणि बसलेली हरणं सारखीच पांढरी. तिसरा दिसायला साधा. त्यात उंट नुसता ठिपका होता, पण कुंपणाच्या आतल्या हरणांचे कान वेगळे कळत होते. मोईनच्या हातात गार पाण्याची बाटली होती, तीही काळी उठून दिसली.

"हा घेऊ या," ती म्हणाली.

"मॅडम, हा तो मिडल मॉडेल है," सेल्समन हिरमुसला. ऑफिसात मॅनेजरनंही विचारलं, दोन किलोमीटरवाला का नको? कुंपणापलीकडचा उंट बघून आपण काय करणार, एवढंच ती म्हणाली.

स्कॅनर द्यायला ती स्वतःच गेली. अंधार पडल्यावर मोईननं पिकअप कुंपणाशी लावली. बंदूक त्याच्या हातात, म्हणून बघायचं काम तिच्याकडे आलं. बराच वेळ हरणांशिवाय काही नव्हतं. मग झुडपाआडून तीन पांढऱ्या आकृती निघाल्या.

"डावीकडे. तीन आहेत." ती म्हणाली. तेवढ्यात मधल्या कुत्र्याच्या चमकत्या मानेवर तिला आडवी काळी रेघ दिसली. "थांबा, मोईनभाई. मधल्याच्या गळ्यात पट्टा आहे."

"पट्टा असला म्हणून काय, ताई? पाडसं त्यानंही फाडली असतील."

"असतील. पण त्याला नका मारू."

मोईननं पुढच्यावर नेम धरला. गोळी सुटली, पुढचा पडला, बाकीचे दोन पळाले. साधनानं स्कॅनर खाली केला नाही. सांडलेलं रक्त वाळूवर काही वेळ पांढरं चमकलं आणि मग दिसेनासं झालं.

पट्टेवाल्यासाठी मोईननं मटण लावून पिंजरा ठेवला. दोन-तीन दिवसांत तो आपणहून आत जाऊन बसला आणि माणूस दिसताच शेपटी हलवू लागला. पट्ट्यावरचा फोन नंबर बंद होता. कुत्र्याला प्राण्यांच्या आश्रयगृहात पोचवलं. उरलेला तिसरा मोईननं पुढच्या आठवड्यात टिपला आणि फोनवर कळवलं. साधना भाजी चिरत होती. "स्कॅनर नीट चालतोय ना?" तिनं विचारलं. चालत होता. पाडसं मरायची थांबली होती.

मुलगी मैथिली शेजारीच होती. पट्टेवाल्याची गोष्ट तिनं आईकडून ऐकली होती. "आई, कॅन वी ब्रिंग दॅट डॉग होम?"

"बिल्डिंगमध्ये चालत नाही," बाप दत्तप्रसाद आतूनच म्हणाला.

"बट ही इज अ गुड डॉग, राइट?"

साधनानं सुरी खाली ठेवली. "त्यानं हरणाची पिल्लं मारली असतील, मैथिली. किंवा नसतीलही. मला माहीत नाही."

पुढे शारजातल्या एका कुटुंबानं तो कुत्रा नेला. खोर फक्कानच्या बाजूच्या, मालकाच्याच एका बकऱ्यांच्या फार्मवरून तसल्याच स्कॅनरची मागणी आली, तेव्हा कागद तयारच होते. तरी साधनानं सही केली नाही. तिथला डोंगर रात्रीही तापलेला असतो असं तिच्या कानावर आलं होतं. तिनं सेल्समनला फोन लावला आणि तिन्ही मॉडेलं घेऊन फार्मवर यायला सांगितलं.