तोंड उघडं होतं, पण बोलता येईना

मंडळी, आज मंचरला दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पाऊण तास अडकले होते. तोंड उघडं, अर्धा जबडा बधिर आणि मांडीवर फोन सारखा थरथरत होता.

फोन वारूळवाडीहून, माझ्या रोपवाटिकेतून. कळंबचे एक शेतकरी टोमॅटोची रोपं न्यायला येणार होते. मला विचारल्याशिवाय तिथे एक ट्रेसुद्धा हलवायचा नाही, हा माझाच नियम. मी उठायला लागले तर डॉक्टर म्हणाले, "हलू नका." मग फोन वाजायचा थांबला आणि मला घामच फुटला.

परत आले तर ते शेतकरी रिकामा टेम्पो घेऊन गेलेले. नऊ वर्षं माझ्याकडे काम करणाऱ्या शकूताईंनीच त्यांना परत पाठवलं होतं. मी चिडले.

त्या शांतपणे म्हणाल्या, "रोपं लई कवळी व्हती, ताई. ह्या उन्हात लावली असती तर जळून गेली असती. चार दिसांनी या म्हणलं, तर मानलं त्यांनी."

मी एक रोप हातात घेऊन पाहिलं. खोड खरंच मऊ होतं. मी असते तर आजच टेम्पो भरून दिला असता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कधी ईचारलंच न्हाई."

रोपं कधी द्यायची ते उद्यापासून शकूताईच ठरवतील, असं सगळ्यांना सांगून घरी आलेय. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. दोनदा त्यांना फोन लावता लावता थांबले.

सगळं स्वतःच ठरवायच्या या सवयीतून तुमच्यापैकी कुणी सुटलंय का? पहिले काही दिवस कसे काढलेत?