तोंडातला गोटा

माझ्या तोंडामुळे घरात एक सोयरीक मोडली आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, अख्ख्या सौंसरला माहीत आहे. नातीला पाहायला आले होते. मुलगा पाऊण तास मान खाली घालून बसला आणि त्याची आई एकटीच बोलत राहिली. मी विचारलं, "याले चावी द्या लागते का वो?" पाहुणे उठून गेले. पोहे बशीत तसेच राहिले. नातीनं ते पोहे हसत खाल्ले, पण माझा मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या वेळी गोष्ट वेगळी होती. नात रामाकोन्याच्या शाळेत शिकवते. एका प्रशिक्षणात तिला पांढुर्ण्याचा एक मास्तर भेटला. त्याच्या घरचे रविवारी यायचे ठरले. शनिवारी नात माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, हा मले आवडते. उद्या तू काही बोलू नको."

"मी काय बोलून राहिली?"

"तेच तर. तुले मालूमच नाही पडत."

माझ्या मुलाचं म्हणणं होतं की मला एक दिवस बहिणीकडे पाठवावं. मी साफ नाही म्हटलं. माझी नात, माझं घर, आणि मी बहिणीकडे काय म्हणून बसू? पण नातीचं तोंड पाहिलं आणि शेजारच्या आपाकडे गेले.

आपा गोधड्या शिवते. माझ्याच वयाची, मुसलमान, चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिला काही विचारा, सुई कापडात अडकवून ठेवते, थांबते, मग बोलते. माझी तोवर तीन वाक्यं होऊन जातात. मी तिला म्हटलं, "आपा, तू बोलायच्या आधी थांबतेस कशी?"

ती म्हणाली, "आमच्यात सांगतेत बाई, दोन्ही खांद्यांवर फरिश्ते बसून हायत, उजव्यावर भलं लिहिणारा, डाव्यावर बुरं लिहिणारा. तोंडातून निघालं का लिहिलं. मंग मी सोचते, हे लिहून घ्यायजोगं हाय का?"

"माझ्यावाल्याचा तं हात दुखून राहिला असन."

"दुखतच असन," आपा म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

मग तिनं पैगंबरांची शिकवण सांगितली. बोलायचं तर भलं बोला, नाहीतर गप्प राहा. त्यांचे एक साथी जिभेला आवर बसावा म्हणून तोंडात खडा ठेवत, असं तिच्या अब्बांनी तिला सांगितलं होतं. आपाचं माहेर पांढुर्ण्याचं. तिनं डब्यातून तिथल्या जाम नदीतला एक गुळगुळीत गोटा काढला, चिंचोक्याहून मोठा, म्हणजे गिळला जाणार नाही.

"तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक एकमेकाले गोटे मारतेत," ती म्हणाली. "तू तोंडानं बाराही महिने मारतेस. एक दिवस आत ठेवून पाय."

रविवारी गोटा मिठाच्या पाण्यानं धुतला आणि गालात धरला. मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघे आले. आपा माझ्या सुनेच्या मदतीला आत होती. मी भिंतीला टेकून बसले. मामा म्हणाले, "आजीबाई बोलत नाहीत?"

सून गडबडली. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांचं मौन आहे आज."

मुलाची आई तडक उठली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "ना एकादशी, ना चतुर्थी, तरी मौन! किती धार्मिक घर आहे हो!" आतून आपाचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता.

मामाच बोलत होते. सौंसरचा संत्रा आंबट, पांढुर्ण्याचा गोड. मी गोटा चावला. दाढ हलली. सौंसरच्या रस्त्यात खड्डे. मी पुन्हा चावला. मग ते म्हणाले, "पोरीला लग्नानंतर नोकरी करायची गरज नाही. आमच्याकडे काही कमी नाही."

"हो हो, सोडेल की," माझा मुलगा म्हणाला. सोयरीक हातची जाऊ नये म्हणून तो काहीही सोडायला तयार होता.

नातीनं माझ्याकडे पाहिलं. बोलू नको म्हणणारी तीच. मी दाराकडे पाहिलं. दारात आपा उभी होती, तिनं बोटानं स्वतःचा खांदा दाखवला. मी थांबले. हे खरं आहे का? आहे. भलं आहे का? आहे. आता गप्प राहिले तर कोणाचं भलं होईल? कोणाचंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोलायच्या आधी एवढा वेळ घेतला असेल.

गोटा हातावर काढला.

"नोकरी सोडणार नाही ती," मी म्हटलं. "लेकरं तिच्या मागं मागं धावतेत, मी पाहिलं हाय. अन् तुमच्या पोरानं आत्ता चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले. या घरात माणसानं कप उचललेला मी आजवर पाहिला नाही. या दोघांचं जमते. बाकीच्यांनी मधात पडू नये."

माझ्या मुलानं डोळे मिटून घेतले. मुलाची आई माझ्या हाताकडे पाहत होती. "हे काय आहे?"

आता खोटं काय बोलायचं? "गोटा हाय. मौन-बिन काही नाही. मी बोलली का सोयरिका मोडतेत, म्हणून ठेवला होता."

पहिल्यांदा तो मुलगा हसला. म्हणाला, "मी नोकरी सोडवायला आलोच नाही, आजी." मग त्याची आई हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसतच ती मामांकडे वळली. "दादा, येताना नदीवरूनच आलो आपण. तुमच्यासाठी एक घ्यायला पाहिजे होता."

मामा पोहे खाऊ लागले. त्या दिवशी बशा रिकाम्या परत गेल्या, आणि जाताना साखरपुड्याचा महिनाही ठरला.

संध्याकाळी आपा ओट्यावर बसली होती. मी विचारलं, "आपा, माझ्यावाल्यानं आज चांगल्या बाजूनं लिहिलं असन का?"

तिनं सुई थांबवली. "असन."

"अन् ते मौनाचं खोटं?"

आपानं जरा विचार केला. "ते तुझ्या सुनेच्या खांद्यावर," ती म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.